घाईचा हात

शोमारी पाझीला वाजवताना लांबून पाहिलं, तर हा माणूस गिटार वाजवतोय की शिवणयंत्र चालवतोय तेच कळायचं नाही. दोन्ही पाय सारखे चालू. डावा पाय एका पेडलवर, त्यानं आवाज फुगवायचा नि उतरवायचा. उजवा दुसऱ्या पेडलवर, त्यानं सूर धरून ठेवायचा. मध्येच तो उजवा पाय उचलून बटणांच्या रांगेवर न्यायचा: हे दाबलं की ट्रम्पेट, ते दाबलं की सॅक्सोफोन, कडेचं दाबलं की व्हायोलिनांचा अख्खा ताफा. मांडीवर मात्र एक साधी गिटार, जिचा स्वतःचा आवाज कुणालाच ऐकू येत नाही. तारा टेकतात त्या घोडीपाशी चिकटवलेली काळी पट्टी प्रत्येक तारेचं हलणं वेगळं टिपायची नि खाली ठेवलेल्या पेटीला कळवायची. पेटी लॅपटॉपला सांगायची. आणि मग लॅपटॉपमधून, कुठल्यातरी परक्या माणसानं कधीकाळी स्टुडिओत बसून एकेक सूर फुंकून भरून ठेवलेला ट्रम्पेट बाहेर पडायचा. तार हळू छेडली तर हळू फुंकलेला, जोरात छेडली तर जोरात फुंकलेला. सुराच्या आधी त्या माणसाचा श्वाससुद्धा ऐकू यायचा. शोमारीनं त्याचं तोंड कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचा श्वास त्याला सख्ख्या भावाच्या खोकल्यासारखा ओळखीचा झाला होता.

कुंडुचीच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलात संध्याकाळच्या जेवणाला तो वाजवायचा. दाराशी पाटी होती, 'एकटा माणूस, अख्खा ऑर्केस्ट्रा'. पगार मात्र एकट्या माणसाचा, ऑर्केस्ट्राचा नव्हे, हे वेगळं सांगायला नको. पाहुणे कोळंबी सोलत बसायचे. एखाद्याला ट्रम्पेट आवडला तर तो मान वर करून वादक शोधायचा, दिसला नाही की पुन्हा कोळंबीकडे वळायचा.

दमला होता हो तो. पायाचे घोटे सुजायचे, कंबर धरायची, ते तर झालंच. पण अंगमेहनतीनं दमलेला माणूस झोपून उठला की ताजा होतो. एकट्यानं वाजवून दमलेला माणूस झोपून उठला तरी दमलेलाच राहतो. चुकलं तर डोळा मारायला शेजारी कुणी नाही, जमलं तर 'वा रे पठ्ठ्या' म्हणायला कुणी नाही. अख्खा ऑर्केस्ट्रा म्हणे! त्या ऑर्केस्ट्रात त्याच्याशी भांडायला एक माणूस नव्हता.

कधीकाळी होता. मिनाझी जॅझ नावाचा बँड होता, मागोमेनीच्या एका बारमध्ये दर शनिवार-रविवार वाजायचा, आणि शोमारी त्यात दुसरा सोलो गिटार होता. पहिला सोलो मिरवतो. रिदम गिटार पाया घालते. दुसऱ्या सोलोचं काम असतं फटीत बसायचं. दोघंजण तावातावानं बोलत असावेत आणि तिसऱ्यानं श्वास घ्यायच्या जागी नेमका एकच शब्द टाकावा, नि त्या शब्दानं बोलण्याला रंग चढावा, तसं ते काम. शब्द जरा आधी पडला तर तो आगाऊपणा, जरा उशिरा पडला तर बावळटपणा. शोमारीचा शब्द नेमका पडायचा. मोठे मोठे गिटारवाले त्याची ती नेमकी जागा ऐकायला यायचे, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही, त्या बारमध्ये बसलेली माणसं अजून आहेत, विचारा त्यांना.

मग बँडचं जे व्हायचं ते झालं. तीन ट्रम्पेटवाल्यांपैकी एक मस्कतला गेला, दोघे कब्रस्तानात. गायकाला देव भेटला, त्यानं गाणं सोडलं. बारच्या जागी पेट्रोल पंप आला. मोंबासाला परत निघालेल्या एका हॉटेल-वादकाकडून शोमारीनं ती पट्टी, ती पेटी नि ती पेडलं विकत घेतली, पोट भरायला. पेटी कानामागून आली आणि तिखट झाली. बघता बघता तिनं त्याची गिटारच गिळली.

एका दुपारी किब्वाना त्याच्या घरी आला. किब्वाना म्हणजे मिनाझी जॅझचा रिदम गिटारवाला नि सगळ्यांचा थोरला. आता बुगुरुनीला पलंग बनवायचं दुकान चालवत होता. दारातूनच ओरडला, "काय रे, अजून जिवंत?"

"तुझ्याआधी जात नाही," शोमारी आतून म्हणाला. "तुझ्या मयताला वाजवायचंय मला."

"कशावर? त्या तुझ्या खोक्यावर? नको रे बाबा, मयत उठून पळेल."

सिवेमानं, म्हणजे शोमारीच्या बायकोनं, चहा नि सकाळचे उरलेले विटुंबुआ पुढे ठेवले. तांदळाचे ते गोड गोळे ती रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी बसून विकायची. किब्वानानं दोन एकदम तोंडात घातले नि भरल्या तोंडानंच बातमी सांगितली. इलालाला एका बागेच्या बारवाल्याला दर रविवारी दुपारी जुना बँड हवा होता. जुनी गाणी, जुनी माणसं, साखळदंड बांधल्यासारखं घरी बसलेलं जुनं गिऱ्हाईक.

"लुकिंडो बेसला येतोय. टिंडवा ड्रमला. गायला मी आहे, रिदमही मीच. पहिल्या सोलोवाचून भागवू."

"तुझा घसा गेलाय."

"लोकांना शब्द पाठ आहेत, ते गातील. तुझी जागा मी कुणाला दिलेली नाही, शोमारी. पण महिन्याभरात हात बसला पाहिजे. बारवाला लोकांना सांगून बसलाय."

शोमारीनं लगेच हो म्हटलं नाही. त्यानं आधी कप खाली ठेवला. किब्वाना गेल्यावर तो सिवेमाला म्हणाला, "मला ती जागा पाहिजे. बाकी काही नको. आठवड्यातून एक दुपार माणसांत बसून वाजवायला मिळालं, तर उरलेले दिवस त्या हॉटेलात मी मुकाट काढीन."

"मग काढा की," सिवेमा म्हणाली. "कोण नको म्हणतंय?"

किब्वानाच्या दुकानाच्या मागच्या अंगणात तालीम ठरली. सगळीकडे लाकडाचा भुसा, अर्धवट पलंग उभे-आडवे. शोमारी एका बिनफळ्यांच्या पलंगाच्या कडेवर बसला. पट्टीची वायर काढून टाकली, गिटार सरळ किब्वानाच्या जुन्या अॅम्प्लिफायरला लावली नि एक तार छेडली. कितीतरी वर्षांनी त्यानं स्वतःच्या गिटारचा आवाज ऐकला. जरा खरखरीत, जरा गोड, त्याचाच. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते भुशावर ढकललं.

टिंडवानं काठ्या आपटून मोजलं, गाणं सुरू झालं. पहिल्या दोन ओळी सगळे नुसते हसत होते. मग हसणं हळूहळू उतरलं. काहीतरी अडखळत होतं. गाणं लंगडत होतं, आणि कुठल्या पायानं ते कळत नव्हतं.

"शोमारी," बेसवाल्या लुकिंडोनं वाजवता वाजवताच विचारलं, "किगांबोनीला जायची शेवटची बोट सुटतेय का रे तुझी, एवढा धावतोयस?"

"मी बरोबर आहे. टिंडवा मागे पडतोय."

"मी?" टिंडवानं हात थांबवले. तो तापट माणूस, पहिल्यापासून. "जन्मात मी मागे पडलो नाही. उधळल्या बैलासारखा धावतोयस तू, आणि मला सांगतोस?"

"वय झालं तुझं, मान्य कर की!"

"आणि तू काय काल जन्मलास?"

किब्वानानं दोघांना गप्प केलं. मोबाइल पलंगाच्या खुंटावर टेकवून ठेवला, म्हणाला, पुन्हा वाजवा, मग ऐकू. वाजवलं. ऐकलं. सगळे मोबाइलभोवती डोकी जुळवून बसले, आणि पहिल्या ओळीनंतर कुणीच शोमारीकडे बघेना. टिंडवाचा ठोका खांबासारखा जागेवर होता. लुकिंडो जागेवर. किब्वाना जागेवर. आणि शोमारीची गिटार प्रत्येक वेळी एक केसभर आधी, सगळ्यांचे हात धुऊन व्हायच्या आतच ताटात हात घालणाऱ्या पाहुण्यासारखी. त्यातही बारीक तारा त्यातल्या त्यात बऱ्या होत्या. जाड तारा धावत होत्या.

"आणि एवढं निर्मळ काय वाजवतोस रे?" लुकिंडो म्हणाला, पण आता हळू आवाजात. "दवाखान्यासारखा वास येतोय."

"गंज चढलाय," किब्वाना म्हणाला. "उतरेल."

टिंडवाची माफी मागायला शोमारीला तोंड नव्हतं. तो गिटार पिशवीत घालून, बसनं, उभ्यानं घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विटुंबुआ विकून आलेली सिवेमा अंगणात उखळात कसावाची पानं कांडत होती. शोमारी ओट्यावर बसला नि तिच्या मुसळाच्या ठोक्यावर, वायर न लावता, कालचंच गाणं वाजवू लागला. जरा वेळानं ती थांबली.

"झेनाचे बाबा, तुम्ही मुसळाच्या आधी येताय."

"किती आधी?"

"एवढंसं. शिंक यायच्या आधी नाक हुळहुळतं ना, तेवढंच. आणि दर वेळी नाही. ती जाडी तार असते तेव्हा."

शोमारीनं जाड तारेवर अंगठा ठेवला नि तिथंच खिळला. त्याला सगळं एकदम कळलं. पेटीला सूर ओळखायला वेळ लागतो. तारेचे दोन-चार हेलकावे बघितल्याशिवाय तिला कळतच नाही सूर कुठला ते. बारीक तार भराभर थरथरते, तिचे हेलकावे चटकन होतात. जाड तार सुस्त, तिचे हेलकावे व्हायला वेळ लागतो. म्हणून ट्रम्पेट नेहमी छेडण्याच्या मागून येतो, आणि जाड तारेवरचा तर जास्तच मागून. सुरुवातीला हॉटेलात सगळं उशिरा पडायचं, त्याची लाज वाटायची. मग हातानं आपल्याआपण तोड काढली: आधी छेडायचं, म्हणजे आवाज वेळेवर पडेल. जाड तार असेल तर अजून आधी. कुणी शिकवलं नाही, त्यानंही कधी ठरवलं नाही. आणि तारेला चुकून दुसरं बोट घासलं तर पेटीला वाटायचं हाही सूरच, मध्येच एखादा ट्रम्पेट भुतासारखा किंचाळायचा, म्हणून बोटंही अशी सोवळी झाली होती की तारेला पिकाशिवाय, त्या छेडायच्या नखीशिवाय, कशाचा विटाळ नाही.

हे सगळं त्यानं सिवेमाला सांगितलं. तिनं मुसळावर हनुवटी टेकवून ऐकून घेतलं.

"म्हणजे उशीर त्याला, आणि घाई तुम्हाला?"

"हो."

"नवरा-बायकोसारखंच की!" असं म्हणून ती इतकी हसली की शोमारीलाही हसू आलं. पण ते फार टिकलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी ती कांडायची नि तो वाजवायचा. पानं संपली तरी ती रिकाम्या उखळात मुसळ आपटत राहायची. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "काय गं सिवेमा, रिकामं काय कांडतेस?"

"नवरा कांडतेय!" सिवेमानं तिथूनच उत्तर दिलं. गल्लीभर ते पसरलं, पोरं शोमारीला बघून मुसळाची नक्कल करायला लागली. करू देत, तो म्हणाला. दुपार व्हायच्या सुमारास हात खरंच ठिकाणावर यायचा. जाड तार मुसळाच्या बरोबर पडायची, खुट्ट, एकाच क्षणी, आणि सिवेमा मान हलवायची.

पण संध्याकाळी हॉटेल होतंच ना. तिथं ठिकाणावर आलेला हात घेऊन बसला की ट्रम्पेट उशिरा पडायचा, सॅक्सोफोन पाय ओढत यायचा, जाड तारांवरचा बेस तर मेलेल्या माणसासारखा मागून फरफटायचा. जेवणघराची मॅनेजर एडना जवळ आली, वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'मझे' लावून हळूच म्हणाली, "मझे शोमारी, बरं नाही का आज? सगळं ओढल्यासारखं वाटतंय." बाई वाईट नव्हती. तिनं त्याला पाणी आणून दिलं. शोमारी पाणी प्यायला नि त्यानं हाताला पुन्हा घाई करायला लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मुसळ, पुन्हा पहिल्यापासून. सकाळी शिकायचं नि संध्याकाळी विसरायचं, असा तो खेळ झाला.

त्यानं एडनाला विचारलं, महिनाभर साधी गिटार वाजवली तर चालेल का. ती म्हणाली, "पाटीवर ऑर्केस्ट्रा लिहिलाय, मझे. वरचे मला विचारतील." मग त्यानं रजा मागितली. ती म्हणाली, रजा घ्या, पण तुमच्या जागी कुणाला बसवलं तर त्याला मी पुन्हा कसं उठवू? ते खरंच होतं. लेक झेना मोरोगोरोला नर्सिंग शिकत होती, दोन वर्षं राहिली होती तिची. हॉटेल धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय.

"सोडून द्या," सिवेमा एकदा म्हणाली. "मी विटुंबुआ दुप्पट करीन."

तिचे हात रात्रभर तांदूळ भिजवून, वाटून सुरकुतलेले असायचे. तिच्या बोटांची टोकं पिठानं पांढरी होती. शोमारीनं ती बोटं बघितली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

तालमी होत राहिल्या. एखाद्या दिवशी गाण्याचा संथ भाग छान जमायचा. शोमारीचा शब्द नेमका फटीत पडायचा, लुकिंडो "हां!" करून ओरडायचा, आणि शोमारीला वाटायचं, सुटलो. पण या गाण्यांचा दुसरा अर्धा भाग म्हणजे उकळी. तिथं गायक थांबतो, गिटारी तापतात, लोक नाचायला उठतात, आणि तिथं विचार करून वाजवायला सवड नसते. हात स्वतःच्या सवयीनं चालतो. उकळी आली की शोमारीचा हात सुटायचा, थेट किगांबोनीच्या बोटीकडे. जित्याची खोड! टिंडवा आता भांडायचासुद्धा नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. तो शोमारीबरोबर धावायचा प्रयत्न करायचा, त्याला सांभाळून घ्यायला, आणि मग सगळंच कोलमडायचं.

रविवार तोंडावर आला तेव्हा तालीम संपल्यावर किब्वानानं त्याला फळ्यांच्या ढिगामागे नेलं. उगाच एका फळीवरून हात फिरवत बसला. शोमारी म्हणाला, "बोल एकदाचं."

"गिटारला पास्कली येतोय. चर्चमध्ये वाजवतो तो. हात बरा आहे त्याचा."

"बरा?"

"तुझ्याइतका नाही रे. तुझ्याइतका कुठला? पण वेळेवर येतो."

शोमारीला रागावायचं होतं, पण रागावायलाही अंगात जोर लागतो.

"ऐक तर पुढचं," किब्वाना म्हणाला. "बारवाला विचारत होता, ट्रम्पेट कुठायत? मिनाझी जॅझ म्हणजे ट्रम्पेट, त्याशिवाय लोक मला जोडे मारतील म्हणाला. आणि खरंय ते. तीन ट्रम्पेटवाले आता कुठून आणू मी? तू आण तुझं खोकं. तू ट्रम्पेट हो."

"त्या खोक्यापासून पळून मी तुमच्याकडे आलो, किब्वाना."

"माहीत आहे मला."

"माझी गिटार ऐकू येणार नाही त्यात. एकाला पण नाही."

"तेही माहीत आहे." किब्वानाचा हात फळीवर थांबला. "पण तू हवायस मला तिथं. शेजारी. कसा का होईना. तुझ्याशिवाय मी त्या खुर्चीवर बसलो तर मला रडू येईल, आणि रडत गाणारा म्हातारा कुणाला बघायचाय?"

घरी येऊन शोमारीनं गिटार कोपऱ्यात उभी केली, तोंड भिंतीकडे करून. सिवेमानं मक्याच्या पिठाची उगाली नि भाजी वाढली. त्यानं सगळं सांगितलं.

"जाणार?" तिनं विचारलं.

"कशाला? तिथंही तेच करायचंय, जे हॉटेलात करतो."

"तिथं शेजारी चार माणसं असतील. हॉटेलात कोण असतं?"

तो ताटात बोटं फिरवत बसला. मग म्हणाला, "पास्कली माझ्या जागी बसणार, सिवेमा. माझ्या समोर. माझ्या फटीत वाजवणार."

"हो," ती म्हणाली. "वाईट वाटेल तुम्हाला. मलाही वाईट वाटतंय." तिनं त्याच्या ताटात अजून भाजी घातली.

रविवारी दुपारी इलालाच्या त्या बागेत पाय ठेवायला जागा नव्हती. पांढऱ्या केसांची माणसं इस्त्रीचे शर्ट घालून आली होती, बाया जोडीजोडीनं सारख्या रंगाच्या खांगा नेसून. निखाऱ्यावर भाजणाऱ्या मिश्काकीचा, सळयांवरच्या मांसाचा, धूर नुसता डोळ्यांत जात होता. शोमारीनं पेटी मांडली, लॅपटॉप एका बिअरच्या क्रेटवर ठेवला, पेडलं पायाशी लावली. शेजारी किब्वाना, पलीकडे पास्कली. पास्कली भला माणूस निघाला, त्यानं येऊन आधी शोमारीचा हात दोन्ही हातांनी धरला. त्याला नावं ठेवायला जागाच नव्हती, हे तर अजूनच कठीण.

टिंडवानं मोजलं. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं झालं, ट्रम्पेटांची पाळी आली. शोमारीनं डावा पाय दाबला नि हात टाकला, त्याच्या सवयीनं, केसभर आधी. आणि ट्रम्पेट टिंडवाच्या ठोक्यावर पडला. अगदी ठोक्यावर. टिंडवानं झटकन वळून बघितलं नि तोंडभर हसला. लुकिंडोला टोमणा सुचला नाही. ट्रम्पेट पुन्हा पडला, पुन्हा ठोक्यावर, आणि गर्दीतून असा हुंकार उठला की खुर्च्या मागे सरकल्या. माणसं उठली. जी जागा शोमारी महिनाभर उखळ-मुसळ करून शोधत होता, ती त्याच्या घाईच्या हाताला पहिल्या फटक्यात सापडली होती. फक्त ती गिटारची जागा नव्हती.

त्याला आनंद झाला, खोटं कशाला बोला. शेजारी चार माणसं घामाघूम होत होती नि तो त्यांच्यात होता. पण ट्रम्पेटखाली त्याला, आणि फक्त त्यालाच, एक बारीक आवाज ऐकू येत होता: तारेवर पिकाचा टिक, सगळ्यांच्या आधी, मुका. आणि पास्कली फटीत शब्द टाकत होता. बरा टाकत होता. दोनदा शोमारीच्या बोटांनी तोच शब्द हवेत टाकला, तारेला न शिवता.

उकळी आली. लोक नाचत पुढे यायला लागले नि रीतीप्रमाणे, ज्याचं वाजवणं आवडलं त्याच्या घामेजल्या कपाळाला नोट चिकटवून नाचत मागे जायला लागले. किब्वानाच्या कपाळाला चिकटली, टिंडवाच्या चिकटली, पास्कलीच्याही एक चिकटली. मग एक म्हातारी आली. हिरवी खांगा, दात थोडे, पण कंबर अजून चालणारी. हातात घडी घातलेली नोट होती. ती बँडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नाचत गेली, मागे डोकावली, क्रेटच्या पलीकडे डोकावली, आणि शेवटी शोमारीसमोर उभी राहिली. त्याच्या पाळीला अजून वेळ होता.

"बाबा रे, तो ट्रम्पेटवाला कुठं गेला?"

"काय म्हणता आई?"

"ट्रम्पेटवाला! मेल्यानं रडवलं मला. माझा माणूस होता तेव्हा आम्ही यायचो मागोमेनीला, तेव्हा असंच वाजवायचे. कुठं बसलाय तो? मागे आहे का?"

किब्वाना गात होता, त्याला बोलता येत नव्हतं. त्यानं शोमारीकडे बघून भुवया उडवल्या, सांग की, अशा. शोमारीनं तोंड उघडलं. मीच तो, एवढंच म्हणायचं होतं. पेटीकडे बोट दाखवलं असतं, पेडल दाबून दाखवलं असतं तर म्हातारी हसली असती, टाळ्या झाल्या असत्या, आणि ती नोट त्याच्या कपाळाला लागली असती.

म्हातारीनं त्याच्या मांडीवरच्या गिटारकडे बघितलं, तारांवरच्या त्याच्या बोटांकडे बघितलं.

"तू गिटारवाला ना?" ती म्हणाली. "मग तू दे त्याला. विसरू नकोस हं."

महिनाभरात त्याला कुणी गिटारवाला म्हटलं नव्हतं. शोमारीनं नोट घेतली. 

"हो आई," तो म्हणाला, "मी गिटारवाला. देतो त्याला."